फोटोंतून लाँगब्रिज: एका मोटार कारखान्याची शंभर वर्षं

रिळवाला:

इथे गाड्यांवर धागे उदंड आहेत. मायलेज किती, टर्बो घेऊ का, जुनी काढू का. गाडी जिथे बनते त्या जागेवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा प्रयत्न.

बर्मिंगहॅमच्या नैऋत्येला, लिकी टेकड्यांच्या अलीकडे लाँगब्रिज नावाची वस्ती आहे. तिथला कारखाना १९०५ साली सुरू झाला आणि २००५ साली बसला. मधल्या काळात गेटवरची पाटी कितीदा बदलली: ऑस्टिन, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), ब्रिटिश लेलँड, ऑस्टिन रोव्हर, रोव्हर, एमजी रोव्हर. आसपासचे लोक मात्र शेवटपर्यंत ‘द ऑस्टिन’ असंच म्हणत राहिले.

या कारखान्याचे फोटो अफाट आहेत. इथे डकवत नाही, कारण बहुतेकांचे हक्क संग्रहालयांकडे नाहीतर वृत्तसंस्थांकडे आहेत. शोधले की लगेच सापडतात. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचा संग्रह त्यात सगळ्यात मोठा.

एक आधीच सांगतो. कारखान्याचा जुना फोटो समोर आला की कॅमेरा कुणाच्या पगारावर होता, हे मी पहिलं बघतो. लाँगब्रिजची पहिली साठेक वर्षं मुख्यतः कंपनीच्या फोटोग्राफरांनी टिपली. सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर गेटवर आले. शेवटचे फोटो कामगारांनी स्वतः काढले, आणि एकदोन कलावंतांनी. या तीन कॅमेऱ्यांना तीन निरनिराळे कारखाने दिसले, असं माझं मत झालंय.

आता फोटो. सगळ्यात जुने आहेत ते इमारतीचे. पत्र्याच्या डब्यांवर छपाई करणारा एक बंद पडलेला कारखाना हर्बर्ट ऑस्टिनने घेतला. हा माणूस तरुणपणी ऑस्ट्रेलियात होता, मेलबर्नच्या ओतशाळेत राबला, मग मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं बनवणाऱ्या वूल्सली कंपनीत गेला. इंग्लंडला परतल्यावर त्याच कंपनीसाठी त्याने मोटारी बनवल्या, भांडण झालं, बाहेर पडला. १९०५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात त्याच्याकडे दाखवायला गाडीच नव्हती. ड्रॉइंगं मांडून बसला होता. तेवढ्यावर लोकांनी ऑर्डरी दिल्या! पहिली गाडी बाहेर पडली १९०६ मध्ये.

मग पहिलं महायुद्ध. माणसं अडीच हजारांच्या आसपास होती ती वीस हजारांवर गेली. तोफगोळे जवळपास ८० लाख, शिवाय विमानं. या काळातल्या शॉपफ्लोअरच्या फोटोंत टोप्या आणि ओव्हरऑल घातलेल्या बायका रांगेने यंत्रांवर उभ्या दिसतात. त्यांच्या डोक्यावर बघा. छतालगत लांबच लांब शाफ्ट फिरतोय आणि त्यावरून प्रत्येक लेथला चामड्याचा पट्टा उतरलाय. तारीख नसलेल्या कारखान्याच्या फोटोचा काळ ओळखायचा हा सोपा उपाय: पट्ट्यांचं जंगल दिसलं की जुना, यंत्रागणिक मोटर दिसली की नंतरचा.

एवढी माणसं राहणार कुठे? तर १९१७ साली ऑस्टिनने अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या बे सिटीहून देवदाराच्या लाकडाचे सुटे बंगले मागवले. सुमारे दोनशे. भाग आणून जागेवर जोडले आणि वसाहत उभी राहिली. ती अजून आहे, आणि लोक राहतात. इंग्लंडच्या विटांच्या मुलखात हे अमेरिकन व्हरांडे फोटोत विचित्रच दिसतात. त्या युद्धात ऑस्टिनचा एकुलता एक मुलगा व्हर्नन १९१५ साली फ्रान्समध्ये मारला गेला. बापाच्या नंतरच्या फोटोंमधला चेहरा बघताना हे आठवतंच.

युद्ध संपलं, ऑर्डरी आटल्या. १९२१ मध्ये कंपनी कर्ज देणाऱ्यांनी नेमलेल्या माणसाच्या हातात. त्यावर उतारा म्हणून ऑस्टिनने छोटी गाडी काढायचं ठरवलं. संचालक मंडळ विरोधात. तेव्हा त्याने १८ वर्षांच्या स्टॅन्ली एज नावाच्या ड्राफ्ट्समनला घरी बोलावलं आणि लिकी ग्रेंजमधल्या बिलियर्डच्या खोलीत दोघांनी मिळून ऑस्टिन सेव्हन आखली. १९२२ ला ती बाजारात आली. इंजिन नंतर ७४७ सीसीचं झालं. प्रत्येक गाडीमागे ऑस्टिनला स्वतःला दोन गिनी मिळत. १९३९ पर्यंत जवळपास २ लाख ९० हजार गाड्या खपल्या. जर्मनीत डिक्सी नावाने ती परवान्यावर बनत होती. १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने डिक्सी विकत घेतली, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ही मुळात लाँगब्रिजची. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आपल्याकडे जुन्या अल्बमांत जी ‘बेबी ऑस्टिन’ दिसते ती हीच.

सेव्हनच्या प्रसिद्धीच्या फोटोंत गाडी झगझगीत आणि मागची पार्श्वभूमी पुसून टाकलेली असते. काचेच्या निगेटिव्हवर ब्रशने रंग लावून मागची माणसं, हातगाड्या, चिखल सगळं घालवायचे. निगेटिव्ह पाठीमागून उजेडात धरली तर तो रंगाचा थर स्पष्ट दिसतो. फोटोशॉपच्या आधीचे हे कारागीर, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत.

१९४६ चा फोटो माझा सगळ्यात आवडता. दहा लाखावी ऑस्टिन. फिकट क्रीम रंगाची ऑस्टिन सिक्स्टीन, आणि तिच्या अंगभर सह्या. चेअरमन लेनर्ड लॉर्डची सही आहे आणि कामगारांच्याही. कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर कामगाराचं नाव उमटलेला असा दुसरा फोटो मला सापडलेला नाही. गाडी गेडनला जपून ठेवली आहे.

मिनीपासून पुढचं प्रतिसादांत लिहितो, इथे फार लांबेल.

झुळूक:

मस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली). निगेटिव्हवर रंग लावायचं माहीत नव्हतं. आमच्या आजोबांच्या स्टुडिओतल्या काचा आठवल्या, त्यांवर लालसर थर असायचा. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायला.

कोरा_चहा:

छान चाललंय. पण रिळवाले, दुसरं महायुद्ध एका उडीत पार केलंत?

रिळवाला:

@कोरा_चहा, सरकारी पैशातून उभारलेला जोडकारखाना, त्यात फेअरी बॅटल, स्टर्लिंग, लँकेस्टर विमानं, हवाई हल्ल्यांच्या भीतीने खणलेली भुयारं, त्यांतही यंत्रं. हे सगळं आहे, पण युद्धकाळातले फोटो सेन्सॉरमधून गेलेले, त्यामुळे ते मला जरा निर्जीव वाटतात. एक अपवाद. ऑस्टिनची के-२ रुग्णवाहिका. राजकन्या एलिझाबेथ १९४५ मध्ये सैन्याच्या स्त्रीदलात गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली तेव्हा तिच्याशी संबंध आला तो याच गाडीचा. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल; गाडीचं नाव फोटोखाली सहसा नसतं इतकंच.

रेडनलकर:

मी इथलाच, म्हणजे लाँगब्रिजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. धागा बघून उडालोच. मराठीत यावर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

थोडी भर. कारखान्याच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक मोठं मैदान होतं, ‘फ्लाइंग ग्राउंड’. पहिल्या महायुद्धात तिथून विमानं उडत. पुढे त्याच जागेवर तयार गाड्या उभ्या करायला लागले. हवाई फोटोंत आधी ते मोकळं गोल मैदान दिसतं आणि नंतरच्या फोटोंत तिथेच गाड्यांच्या रांगा. एरोफिल्म्स कंपनीने १९१९ पासून विमानातून काढलेल्या ब्रिटनच्या फोटोंमध्ये लाँगब्रिजही आहे. एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवून पाहा, कारखाना शेतं कशी गिळत गेला ते कळतं.

दुसरं, ब्रिस्टल रोडवरचा पूल. वेस्ट वर्क्समध्ये बनलेल्या गाड्यांच्या बॉड्या या बंदिस्त पुलातून रस्ता ओलांडून जोडणीच्या इमारतीत जात. खाली बस आणि गाड्या, वर डोक्यावरून नवी रोव्हर चाललेली. कारखाना बंद पडल्यावर पूल पाडला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणतात, रस्ता टकला झाला.

बारातेराचा_पाना:

ऑफिसची इमारत ‘क्रेमलिन’ ना?

रेडनलकर:

हो! वरच्या साहेबांची इमारत म्हणजे ‘क्रेमलिन’. आणि डिझाइनवाल्यांच्या गोल इमारतीला ‘एलिफंट हाउस’. नावं ठेवण्यात ब्रमी, म्हणजे बर्मिंगहॅमचे लोक पुणेकरांना ऐकणार नाहीत.

रिळवाला:

धन्यवाद रेडनलकर, तुमच्यासारखा माणूस धाग्यावर हवाच होता. पुढे चालू.

१९५१ मध्ये जोडणीची नवी इमारत, सीएबी-१, सुरू झाली. बॉडी, इंजिन, बाकीचे भाग भुयारांतून आणि कन्व्हेयरवरून नेमक्या जागी येत. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या दोन हाडवैऱ्यांचं लग्न लागलं आणि बीएमसी जन्माला आली. लग्न नावापुरतंच, दोन्हीकडचे डीलर वेगळे, त्यामुळे एकच गाडी दोन नावांनी विकायची.

मिनी २६ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली. १९५६ च्या सुएझ पेचामुळे इंग्लंडात पेट्रोल रेशनवर गेलं, त्यातून लेनर्ड लॉर्डने अॅलेक इसिगोनिसला छोटी गाडी करायला सांगितली. इसिगोनिस स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याखाली, तेल साठतं त्या टाकीत घातला, दहा इंची चाकं, स्प्रिंगऐवजी अॅलेक्स मोल्टनचे रबराचे कोन. दहा फूट लांबीच्या गाडीतली बहुतेक जागा माणसांना मोकळी झाली. प्रसिद्धीचे फोटो हेच ओरडून सांगतात: गाडीत एवढी माणसं, एवढ्या बॅगा.

फोटो सांगत नाहीत ते हे. मूळ किंमत ४९७ पाउंडांच्या आत ठेवली होती. फोर्डने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, भागांचा हिशोब लावला आणि प्रत्येक गाडीमागे बीएमसीला सुमारे तीस पाउंडांचा तोटा होत असणार असा निष्कर्ष काढला, ही गोष्ट मोटारीच्या धंद्यात वर्षानुवर्षं सांगितली जाते. आकड्यावर वाद घाला. पण गाडी जगभर लाडकी आणि गल्ल्यात पैसा कमी, यावर फारसा वाद नाही. १९६५ पर्यंत दहा लाख मिनी झाल्या, आणि त्यातून पुढची गाडी काढण्याइतका नफा काही साठला नाही.

१९६८ ला ब्रिटिश लेलँड. १९७५ ला सरकारने ताब्यात घेतलं. इथून कंपनीचा फोटोग्राफर मागे पडतो आणि वर्तमानपत्रांचे पुढे येतात.

कोरा_चहा:

आता येणार लाल बावटा! युनियननेच बुडवलं ना लाँगब्रिज? टेकाडावर हजारो माणसं हात वर करून उभी आहेत तो फोटो सगळ्यांना माहीत आहे. तिथेच गोष्ट संपली.

झुळूक:

@कोरा_चहा, तो फोटो मीही पाहिलाय, पण ते हात कशासाठी वर होते ते एकदा बघा की.

रिळवाला:

झुळूक, अगदी बरोबर नस पकडलीत.

डेरेक रॉबिन्सन हा लाँगब्रिजच्या कामगार प्रतिनिधींचा प्रमुख, कम्युनिस्ट पक्षाचा. १४ व्या वर्षी तिथेच टूलमेकरचा उमेदवार म्हणून लागलेला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘रेड रॉबो’ केलं. अडीच वर्षांत ५२३ तंटे झाले असा आकडा त्याच्या नावावर चिकटवला गेला. १९७९ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष मायकेल एडवर्ड्सने त्याला कामावरून काढलं. कारण, पुनर्रचनेच्या योजनेला विरोध करणाऱ्या पत्रकावर त्याची सही होती. मग फेब्रुवारी १९८० मध्ये शेजारच्या कॉफ्टन पार्कमध्ये सभा भरली. प्रश्न असा होता की त्याला परत घ्यावं म्हणून संप करायचा का? संपाच्या बाजूने सुमारे ६०० आणि विरोधात सुमारे १४ हजार.

म्हणजे लाँगब्रिजच्या संपाचा म्हणून जो फोटो छापतात त्यातली बहुतेक माणसं संप नको म्हणतायत. चौकट तीच, खालची ओळ बदलली की अर्थ उलटा. त्या सभेनंतर कारखाना आणखी २५ वर्षं चालला आणि जुन्यासारखे संप फारसे झाले नाहीत. तरीही तो बुडाला. तेव्हा सगळं खापर रॉबिन्सनच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. संपांनी नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाहीये, ते झालंच. गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही.

कोरा_चहा:

ठीक. पण गाड्याही भिकार होत्या हे तरी मान्य करा. अॅलेग्रो!

बारातेराचा_पाना:

अॅलेग्रोचं स्टिअरिंग चौकोनी होतं हो. १९७३. गुळगुळीत कोपऱ्यांचा चौकोन. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. दोनेक वर्षांत गोल करावं लागलं.

निवांत_नाना:

सगळं वाचतोय. मी भोसरीला एका छोट्या वर्कशॉपच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं, जिग-फिक्श्चर. चौकोनी स्टिअरिंग हसण्यावारी नेऊ नका, त्याचाही डाय कुणीतरी रात्रपाळीला बसून घासला असेल.

संपाच्या फोटोबद्दल रिळवाले म्हणतात ते पटलं. आपल्याकडे १९८९ ला टेल्कोचे (आजची टाटा मोटर्स) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. कुणी कुठून फोटो काढला त्यावर ती गर्दी दीनवाणी दिसायची किंवा दांडगी.

रिळवाला:

नानासाहेब, तुमच्याकडे मी मुद्दाम येणार आहे, थोडं थांबा.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो आली. तिच्यासाठी नवं वेस्ट वर्क्स उभं केलं, यंत्रमानवांचं. या काळातले कंपनीचे फोटो पाहा: वेल्डिंगच्या ठिणग्या, पिवळे-केशरी हात, आणि माणूस एकही नाही. १९४६ ला अंगभर सह्या असलेली गाडी आणि १९८० ला माणूस नसलेला शॉपफ्लोअर, दोन्ही कंपनीचेच. व्यवस्थापनाला जगाला काय दाखवायचं होतं ते यावरून कळतं. खरं तर मेट्रोच्या जोडणीला हजारो माणसं लागतच होती, ती फक्त चौकटीबाहेर ठेवली. मेट्रो चालली मात्र झकास, डायना स्पेन्सर लग्नाआधी मेट्रोच चालवायची.

पुढचं भराभर. मध्ये होंडाबरोबर घरोबा. १९८८ ला सरकारने कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकली. १९९४ ला बीएमडब्ल्यूने ८० कोटी पाउंडांना घेतली. सेव्हनच्या परवान्यावर मोटारीच्या धंद्यात उतरलेली कंपनी सेव्हनच्याच कारखान्याची मालक झाली. २००० ला हात टेकले. मिनी स्वतःकडे ठेवून ऑक्सफर्डजवळ काउलीला नेली, लँड रोव्हर फोर्डला विकली, आणि उरलेली रोव्हर लाँगब्रिजसकट फीनिक्स नावाच्या चौकडीला १० पाउंडांत दिली, वर मोठं बिनव्याजी कर्जही दिलं. जुन्या मिनीची शेवटची गाडी ४ ऑक्टोबर २००० ला लाइनवरून उतरली. लाल कूपर. एकूण आकडा ५३,८७,८६२. गायिका लुलूने ती चालवत बाहेर काढली. फोटोत सगळे टाळ्या वाजवतायत.

आता नाना, तुमचा प्रांत. फीनिक्सकडे नवी गाडी विकसित करायला पैसा नव्हता. छोट्या गाडीची जागा रिकामी. म्हणून २००३ मध्ये त्यांनी ‘सिटीरोव्हर’ आणली. म्हणजे आपली टाटांची इंडिका!

निवांत_नाना:

येणार हे माहीतच होतं. गाड्या पिंपरी-चिंचवडच्या प्लँटमध्ये बनायच्या. बंपर, जाळी, चाकं, सस्पेन्शन थोडं बदलायचे आणि पुढे रोव्हरचं जहाजाचं चिन्ह. आमच्या शॉपमधल्या पोरांना केवढा अभिमान होता, ‘साहेबाच्या देशात आपली गाडी’.

आणखी एक ऐका. इंडिकाची लाइन जिच्यावर उभी राहिली, ती बरीचशी यंत्रं ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या प्लँटमधून आणलेली. टाटांनी तो प्लँट सुटा करून जहाजाने पुण्याला आणला. मेलबर्नजवळचाच तो प्लँट. तुमच्या ऑस्टिनने जिथे फाइल धरायला सुरुवात केली तेच शहर की हो!

रिळवाला:

नाना, याला म्हणतात प्रतिसाद!

सिटीरोव्हरचं तिथे हसंच झालं, हे मात्र सांगायला हवं. ६,४९५ पाउंड किंमत तिथल्या गिऱ्हाइकाला फार वाटली. आपल्याकडे जी गाडी लाखालाखाने खपत होती तीच तिथे चुकीच्या भावात उभी होती, दोष गाडीपेक्षा भाव लावणाऱ्याचा. बीबीसीच्या टॉप गियर कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी गाडी दिलीच नाही. तेव्हा जेम्स मे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये गेला आणि छुप्या कॅमेऱ्याने चाचणी उरकली. सुरुवातीला तीन कॅमेरे म्हणालो होतो, हा चौथा धरा.

कोरा_चहा:

आणि २००५ ला राम म्हटलं.

रिळवाला:

हो. एप्रिल २००५. शांघायच्या एसएआयसी कंपनीशी बोलणी फिसकटली, लाइन थांबली, सहा हजारांच्या आसपास माणसं घरी. फीनिक्सच्या चौघांनी आणि त्यांच्या एका अधिकाऱ्याने मिळून पगार-पेन्शनपोटी सुमारे ४ कोटी २० लाख पाउंड उचलल्याचं २००९ च्या सरकारी चौकशी अहवालात आलं. त्या आकड्याचा फोटो नाही, असता तर मी तोच धाग्याच्या वर लावला असता.

उरलंसुरलं नानजिंग ऑटोमोबाइलने ५ कोटी ३० लाख पाउंडांना घेतलं आणि यंत्रं उचकटून चीनला नेली. मेलबर्नहून पुण्याला गेली तशीच. इथे स्टुअर्ट व्हिप्स या बर्मिंगहॅमच्या छायाचित्रकाराचं काम आवर्जून बघा. त्याने बंद लाँगब्रिज टिपला आणि मग नानजिंगला जाऊन तिकडचा कारखानाही टिपला. त्याच्या फोटोंत रिकामी ऑफिसं, टेबलं, फायली, खुणा केलेल्या भिंती असं सगळं दिसतं. कंपनीच्या फोटोग्राफरने शंभर वर्षं जे पुसून टाकलं असतं तेच हा समोर ठेवतो.

झुळूक:

रिकाम्या कारखान्यांचे असले फोटो मला खटकतात. पडकं, गंजलेलं, सुंदर प्रकाश. बघणाऱ्याला हळहळायची हौस फुकटात भागते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला आता काम मिळालंय का, हे कुठे दिसतं?

रिळवाला:

आक्षेप रास्त आहे, आणि भुयारांत शिरून काढलेल्या हौशी फोटोंबद्दल मी शंभर टक्के सहमत. पण व्हिप्सचं वेगळं वाटतं, कारण तो तिथेच थांबला नाही. पुढे त्याने १९७९ साली लाँगब्रिजला बनलेली एक मिनी घेतली आणि कारखान्यातल्या जुन्या कामगारांना बरोबर घेऊन ती नव्याने उभी केली. त्यात कामगार नुसता आठवणीपुरता उरत नाही, त्याचं कसब पुन्हा कामी येतं.

रेडनलकर:

भुयारांवरून आठवलं. आत एक जुनी मिनी तशीच पडून होती, ती बाहेर काढली गेली. इथल्या पबमध्ये तिच्याबद्दल दहा जणांकडून दहा कहाण्या ऐकायला मिळतात, एकही दुसरीशी जुळत नाही.

आजची स्थिती: कारखान्याच्या बऱ्याच जागेवर कॉलेज, दुकानं, घरं झाली. ऑस्टिनच्या नावाने बाग आहे, तिथे रे नदी पुन्हा उघड्यावर आणली आहे. २००८ पासून एका कोपऱ्यात चिनी मालकीच्या एमजीची थोडी जोडणी चालू होती, २०१६ मध्ये तीही थांबली. आणि कॉफ्टन पार्क, जिथे १९८० ला ते हात वर झाले, तिथे २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी कार्डिनल न्यूमन यांना धन्य घोषित केलं. नंतर लागलेल्या पाट्यांवर पोप आहेत, सभेबद्दल मला तरी काही दिसलं नाही.

कोरा_चहा:

मग आपल्याकडची एमजी? हालोलला बनते ती?

बारातेराचा_पाना:

तीच पाटी. एसएआयसीने नानजिंगला पोटात घेतलं, एमजी तिच्याकडे गेली, तिने गुजरातेत जनरल मोटर्सचा हालोलचा प्लँट घेतला, २०१९ ला गाडी आणली. आता त्यात मुंबईच्या जेएसडब्ल्यूचा हिस्सा आहे.

आणि रोव्हरचं नाव कुणाकडे आहे सांगा? नाव बीएमडब्ल्यूने स्वतःकडेच ठेवलं होतं; तिच्याकडून २००६ ला फोर्डने घेतलं, २००८ ला जॅग्वार-लँड रोव्हरबरोबर टाटांकडे आलं. म्हणजे इंडिकाच्या नाकावर जे भाड्याचं चिन्ह होतं ते आता घरचं आहे. वापरत मात्र नाहीत.

निवांत_नाना:

न वापरलेलंच बरं.

झुळूक:

एक शंका. ऑस्टिन गाड्या भारतात कधी बनल्या का? वडिलांच्या बोलण्यात ‘ए-फॉर्टी’ यायची.

बारातेराचा_पाना:

जोडल्या जायच्या. १९४८ ला रघुनंदन सरन यांनी मद्रासला अशोक मोटर्स काढली, एन्नोरला प्लँट. लाँगब्रिजहून ए-४० चे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडणी. पुढे लेलँडशी करार झाला, ट्रक आले, १९५५ ला कंपनीचं नावच अशोक लेलँड झालं आणि ऑस्टिन मागे पडली. म्हणजे एन्नोरमध्ये लेलँडने ऑस्टिनची जागा घेतली आणि तेरा वर्षांनी खुद्द इंग्लंडमध्येही लेलँडनेच ऑस्टिनला गिळलं.

रिळवाला:

पानासाहेब, हा वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे, आणि तो तुम्हीच काढायचा. एन्नोरच्या पेट्या फोडतानाचे फोटो कुणाच्या घरी असतील तर स्कॅन करून ठेवा. मागच्या बाजूला शिक्का किंवा पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. फोटो कुणी काढून घेतला ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.